केळ्यांना पफ, माणसांना स्लॅब

नांदेडला एसी बघायला गेलात की दुकानदार तीन प्रश्न विचारतो. खोली केवढी आहे? वर स्लॅब उघडा आहे का? हप्त्यावर घेणार की रोख? ‘दहा बाय बारा’ आणि ‘हो, उघडा आहे’ एवढं सांगितलं की त्याचा हिशेब झाला. मग दीड टन घ्या. वर मजला असता तर एक टनात भागलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात हे मी चार दुकानांत ऐकलं आणि चारही ठिकाणी मला त्या मधल्या प्रश्नाचं कौतुक वाटलं. दुकानदाराला रोग बरोबर ठाऊक आहे. खोली वरून तापते, भिंतींपेक्षा, खिडकीपेक्षा, आतल्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त वरून तापते, हे त्याला अनुभवानं कळलंय. त्याच्याकडं औषध एकच आहे, म्हणून तो तेच देतो : अर्धा टन जास्त. त्याच्यावर माझा राग नाही, तो एसी विकायलाच बसलाय. राग आहे तो बाकीच्यांवर. स्लॅब टाकून हिशेब घेऊन गेलेल्या गुत्तेदारावर, नकाशावर सही करणाऱ्यावर, नियम करणाऱ्यांवर, आणि ‘कितीचा स्टार, किती टन’ यापुढं कधीच न जाणाऱ्या आपल्या व्हॉट्सॲपच्या चर्चांवर. मराठवाड्यात एसी हा यंत्राचा प्रश्न म्हणून विकला जातो. तो छताचा प्रश्न आहे.

मी अर्धापूरचा. डिग्री मेकॅनिकलची, पगार सॉफ्टवेअरचा. आमच्या बॅचमधल्या निम्म्यांचं असंच झालं. कंपनी पुण्याची, पण महिन्यातले बरेच दिवस काम घरूनच. घर बाबांनी बांधलेलं, एकमजली, पाच इंची स्लॅबचं. मे महिन्यात दुपारी दोनला लॅपटॉपचा पंखा आणि डोक्यावरचा पंखा यांत कोण जास्त ओरडतो अशी शर्यत लागायची. म्हणून एसी घ्यायचं ठरलं. एसी नको असं म्हणणाऱ्यांतला मी नाही, हे आधीच सांगतो. त्यांच्याकडं नंतर येऊ.

आधी टन. एसीचा टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे, हे बहुतेकांना माहीत असतं. मग काय, हे थोड्यांना माहीत असतं. हे माप बर्फाच्या धंद्यातून आलंय. अमेरिकेतला एक टन, म्हणजे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या गतीनं उष्णता शोषतो, ती गती म्हणजे एक टन. किलोवॅटमध्ये साधारण साडेतीन.

आता छताचा हिशेब मांडू. ऐन मेमध्ये दुपारी गच्चीच्या एका चौरस मीटरवर जवळजवळ एक किलोवॅट ऊन पडतं. दहा बाय बाराच्या खोलीचं छत अकरा चौरस मीटरचं. म्हणजे तुमच्या डोक्यावर अकरा इस्त्र्या पालथ्या घालून चालू ठेवल्यात. त्यातली सगळी उष्णता आत येत नाही. काही उन्हाबरोबर परत जाते, काही वारा नेतो. पण काळपट पडलेल्या उघड्या स्लॅबमधून जेवढी आत येते, ती काढायला माझ्या ढोबळ हिशेबानं दिवसाला शंभर किलोहून जास्त बर्फ लागेल. संध्याकाळी तिचा जोर सगळ्यात जास्त असतो तेव्हा एक टनाच्या एसीचा जवळपास तिसरा हिस्सा एकटं छत खातं. दुकानदाराचा ‘अर्धा टन जास्त’ हवेतून आलेला नाही.

आणि जोर संध्याकाळी का? कारण काँक्रीट उष्णता लगेच सोडत नाही. दुपारी वरून घेतलेलं ऊन खालच्या बाजूला पोचायला चार-पाच तास लागतात. बाहेर हवा गार व्हायला लागते आणि आत छत तापायला लागतं. मी ऑनलाइन एक इन्फ्रारेड थर्मामीटर मागवला होता, नुसता रोखला की आकडा दाखवणारा. रात्री दहाला छताच्या आतल्या बाजूला 41 अंश. बाहेर ओसरीत 33. म्हणजे आपण घरात येतो ते सावलीत नव्हे, मंद आचेच्या तव्याखाली.

एसीची गंमत इथंच आहे. तो हवा गार करतो. छत 41 अंशांवर असेल तर हवा 24 केली तरी अंगावर वरून झळ येतच राहते, कारण उष्णता फक्त हवेतून येत नाही, तापलेल्या पृष्ठभागावरून थेटही येते. चुलीपुढं बसलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. मग माणूस रिमोट उचलून 18 करतो. जून 2025 मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीचं तापमान 20 ते 28 अंशांतच ठेवता येईल अशी तरतूद आणणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा चॅनलांवर दोन दिवस भांडणं झाली. माझ्या घरात मी 18 लावीन नाहीतर 16, तुम्ही कोण? भांडण रिमोटचं झालं. माणसाला 18 का लावावंसं वाटतं, हे विचारायला कुणीही छताकडं मान वर केली नाही.

आता कुणीतरी म्हणणारच : जुनी माळवदाची घरं बघा, कशी गार असायची! माती, जाड भिंती, वर लाकडं आणि हातभर पांढरी माती. खरं आहे, गार असायची. पण हे वाक्य मराठवाड्यात जपून बोलावं. 30 सप्टेंबर 1993 ला, अनंत चतुर्दशीची रात्र सरताना, किल्लारीत जमीन हलली तेव्हा लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं मेली ती याच भिंतींखाली आणि याच छतांखाली. दगड-मातीच्या भिंतींना वरचं मातीचं ओझं पेललं नाही. माझा जन्म त्यानंतरचा. पण आमच्या घरात माळवद हा शब्द गारव्यासाठी कुणी वापरत नाही, भीतीसाठी वापरतात. लोकांनी माळवद सोडून स्लॅब आणि पत्रे घेतले ते मूर्खपणानं नाही. जीव वाचवायला घेतले.

फक्त त्या सौद्यात एक गोष्ट सांगायची राहून गेली. माळवद दोन कामं करायचं : ओझं तोलायचं आणि ऊन अडवायचं. स्लॅब पहिलं काम उत्तम करतो, दुसरं जवळजवळ करतच नाही. ते दुसरं काम करायला वर वेगळा थर लागतो. पांढरा रंग, चिनी मातीच्या फुटक्या टाइल्सचा थर, विटांच्या तुकड्यांचा कोबा, किंवा फोमच्या शीट. पैशानं आणि वजनानं यांत फरक आहे, आणि भूकंपाच्या भागात वजनाचं आधी बघावं. पण यातलं काहीच न करता स्लॅब तसाच उन्हात सोडून देणं म्हणजे अर्धंच छत बांधणं. आमच्याकडं सगळी घरं अर्ध्या छताची आहेत.

ती अर्धी का राहतात, याचं उत्तर गच्चीवर गेलं की दिसतं. कॉलममधून वर आलेले गंजके गज. वरचा मजला चढवायचाय, म्हणून गज सोडलेत. आणि वरचा मजला चढवायचाय, म्हणून छतावर खर्च करायचा नाही. आमच्या गच्चीवरचे गज बारा वर्षांचे झालेत. त्यांना आई वाळवणाची दोरी बांधते. मी पांढरा रंग आणला तेव्हा बाबांचं पहिलं वाक्य होतं, “कायला चुना लावूलालास? वरी मजला घ्यायचाय की पुढच्या साली.” मी म्हटलं, बाबा, तुम्ही पुढच्या साली घ्या, आपण या साली झोपू. ते हसले, पण गच्चीवर बघायला आले नाहीत.

अर्धापूर केळीचं गाव. इसापूर धरणाच्या कालव्याचं पाणी आणि केळी, असं आमच्या भागाचं वर्णन शाळेतली पोरंही करतात. त्यामुळं केळीच्या धंद्यातली एक गोष्ट इथं सगळ्यांना माहीत आहे. केळी पिकवायची शास्त्रशुद्ध खोली, म्हणजे रायपनिंग चेंबर बांधायचा असेल तर आधी काय करतात? भिंतीला आणि छताला पफचे पॅनल लावतात. दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेले. बेकरीतल्या पफशी त्याचा संबंध नाही. खोली बंद कशी होईल, उष्णता किती आत येईल, आत केळी किती टन, हे सगळं मांडून झाल्यावर शेवटी मशीन किती मोठं घ्यायचं ते ठरतं. आत 16-18 अंश धरून ठेवायचे असतात. वर गेलं तर केळी भराभर पिकून मऊ पडते, फार खाली गेलं तर सालीला काळपटपणा येतो. उघड्या स्लॅबखाली नुसतं मोठं मशीन लावून चेंबर चालवीन असं कुणी म्हणालं तर केळीवाले त्याला हाकलून देतील. वीजबिलातच धंदा बसेल.

तोच केळीवाला घरी येऊन स्वतःच्या बेडरूमसाठी दोन टनाचा एसी मागतो. उघड्या स्लॅबखाली.

हे केवळ आमच्या गावाचं नाही. एसीचा जन्मच मालासाठी झालाय. 1902 साली विलिस कॅरियरनं ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी तो घडवला, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत. माल बिघडला की पैसा जातो, म्हणून मालाचा हिशेब नीट होतो. माणूस बिघडत नाही, फक्त झोपत नाही. त्याचा हिशेब कुणी करत नाही.

सरकारनं केला, पण कुणासाठी ते बघा. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं 2018 साली घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. छताच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, 1.2 वॅटहून जास्त उष्णता जाऊ नये, असं त्यात लिहिलंय. आपल्या उघड्या स्लॅबमधून तीनच्या वर जाते. म्हणजे नियमाच्या हिशेबानं आमची अख्खी गल्ली नापास. पण काळजी नको, गल्ली परीक्षेलाच बसलेली नाही. ही संहिता 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी आहे. पाच हजार तीनशे चौरस फुटांच्या वर! अर्धापुरात तीस बाय चाळीसचा प्लॉट घेताना लोकांचा जीव जातो. धर्माबाद ओलांडलं की तेलंगण. त्या राज्यानं 2023 मध्ये कूल रूफचं धोरण आणलं. लहान घरांवर सक्ती तिथंही नाही, पण निदान छत हा शब्द सरकारी कागदावर आला. आपल्याकडं बांधकाम परवानगीला पार्किंग विचारतात, सेप्टिक टँक विचारतात. उन्हाचं काय करणार, हे कोण विचारतो?

उलट 22 सप्टेंबर 2025 ला काय झालं ते आठवा. एसीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्याच दिवशी सिमेंटवरचाही 28 वरून 18. एकाच तारखेला तवाही स्वस्त आणि तव्याखाली बसायचा उपायही स्वस्त. मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. घर बांधणाऱ्याला सिमेंट स्वस्त मिळावंच. पण या दोन्हींच्या मध्ये जो थर असतो, त्याच्या नावानं कुठल्याच दुकानात पाटी नाही, सेल नाही, शून्य टक्के व्याजाचा हप्ता नाही.

स्टारच्या चिठ्ठीबद्दलही थोडं. ती खोटी नाही, पण ती तुमच्या घराची नाही. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर 35 अंश धरून. वर्षाचे युनिट काढतात ते 1600 तास धरून आणि बाहेरचं तापमान 24 ते 43 अंशांत फिरतंय असं मानून. आपल्याकडं आउटडोअर युनिट तापल्या गच्चीवर, पश्चिमेच्या भिंतीला, दोन टाक्यांच्या फटीत बसवतात. तिथली हवा वेधशाळेच्या आकड्याहून कितीतरी गरम असते. आणि बाहेर जितकं गरम, तितका तोच एसी कमी गारवा देतो आणि जास्त वीज खातो. नेमकी ज्या दुपारी गरज, त्याच दुपारी तो दमतो. पाच स्टार घ्यावेतच, मीही घेतले. पण पाच स्टार तापलेल्या स्लॅबखाली लावणं म्हणजे गळक्या टाकीला महागडी मोटर बसवणं.

बिलात तर स्लॅब दुसऱ्यांदा भेटतो. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटपर्यंत एक दर, पुढं तीनशेपर्यंत दुसरा, मग पाचशेपर्यंत तिसरा, असे टप्पे आहेत. दीडशे युनिटच्या घरात रात्रभर एसी सुरू झाला की मे महिन्याचं बिल सहज तीनशेच्या पलीकडं उडी मारतं, आणि उडी मारल्यावरचं प्रत्येक युनिट महाग. छतातून येणारी उष्णता काढायला लागणारे युनिट हे नेमके हे वरचे, महाग युनिट असतात.

आता एसीविरोधी मंडळी. दर एप्रिलला त्यांचे लेख येतात : माठ, वाळ्याचे पडदे, गच्चीवर झोपण्याची मजा, एसीमुळं पृथ्वी तापते. पृथ्वी तापते हे खरंच आहे. पण हे लेख सहसा पुण्या-मुंबईच्या गार ऑफिसांतून येतात. गच्चीवर झोपायची मजा कुणाची होती? पुरुषांची आणि पोरांची. घरातल्या बायका किती गच्च्यांवर झोपल्या? आणि रात्री अकरापर्यंत तापलेल्या स्लॅबवर झोपायचं म्हणजे गादी भाजून घ्यायची. कूलर चांगला, एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तर फारच चांगला, कमी विजेत बेचाळीसची हवा अठ्ठावीस-तीसपर्यंत आणतो. पण त्याला पाणी लागतं, दिवसाला बादल्या-बादल्या. 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या भागाला हा सल्ला देताना जरा विचार करावा. आणि जूनचा पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर नुसता ओला वारा देतो. बीपीची गोळी चालू असलेल्या, सत्तरीच्या माणसाला 33 अंशांच्या रात्री एसी ही चैन नाही. माठवाल्यांना आणि दुकानदाराला मी एकाच रांगेत बसवतो. दोघंही छत सोडून बोलतात.

छताचा खरा मुद्दा मात्र स्वयंपाकघरात कळतो. एसी लागतो तो बेडरूमला. फार तर हॉलला. स्वयंपाकघरात कुणी लावत नाही, आणि लावूनही उपयोग नाही, कारण गॅसची मोठी शेगडी एकटीच दोन किलोवॅटच्या आसपास उष्णता सोडते आणि एसीच्या झोतानं ज्योत हलते ती वेगळीच. म्हणजे घरात सगळ्यात जास्त तास सगळ्यात तापलेल्या खोलीत उभी राहणारी बाई एसीच्या हिशेबात कुठंच नाही. माझ्या 45 हजारांच्या एसीनं आईची एकही भाकरी गार हवेत होणार नव्हती. छताचं तसं नाही. एसी एका खोलीचा असतो, छत सगळ्या घराचं असतं. आम्ही आधी गच्ची घासून धुतली, भेगा बुजवल्या, पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. माल आणि मजुरी धरून एसीच्या किमतीचा तिसरा हिस्साही लागला नाही. आठवड्यानं रात्री दहाला तोच थर्मामीटर रोखला तर 36. आई कुरडया घालायला भर दुपारी अनवाणी वर गेली आणि खाली येऊन म्हणाली, “पाय पोळंना की रे.” स्वयंपाकघराबद्दल तिनं वेगळं काही सांगितलं नाही, फक्त दुपारची भांडी ती आता संध्याकाळवर ढकलत नाही.

रंगाला दरवर्षी धुवावं लागतं, धूळ बसली की तो काम कमी करतो, दोन-तीन वर्षांनी पुन्हा हात मारावा लागेल, उन्हात डोळ्यांवर चमक येते. हे सगळं खरं. एसीलाही दरवर्षी सर्व्हिसिंग लागतंच, त्याची कुणी तक्रार करत नाही.

त्यानंतर मी एक टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला. दुकानदार म्हणाला, पस्तावाल. बसवायला जो पोरगा आला त्याच्याशी मात्र अर्धा तास घासाघीस झाली, आणि ती किमतीची नव्हती. तांब्याचे पाइप जोडल्यावर आतली हवा आणि ओल पंपानं ओढून काढायची असते. पंधरा-वीस मिनिटं लागतात. ते न करता बरेच जण वाल्व्ह जरासा उघडून गॅसच सोडतात, हवा बाहेर गेली असं मानायचं आणि पुढच्या घरी पळायचं. आत राहिलेली ओल आणि हवा पुढची सगळी वर्षं गारवा खात राहते. आणि नव्या बऱ्याच एसींतला आर-32 गॅस थोडा का होईना, जळणारा असतो. तो असा अंगणात सोडायचा नसतो. पोरगा म्हणाला, “सर, पंप गाडीत हाय, पण आज सात एसी हायेत.” त्याचीही चूक नाही, मेमध्ये त्याला नगावर पैसे मिळतात, मिनिटांवर नाही. मी त्याला सरबत दिलं आणि पंप काढायला लावला. तुम्हीही लावा. अर्थिंग आहे का तेही त्यालाच बघायला सांगा, कारण आमच्याकडं तीन पिनांच्या सॉकेटातली तिसरी पिन बऱ्याचदा शोभेची असते. मीटरचा मंजूर लोड आधी वाढवून घ्या. गल्लीत पाच जणांनी न सांगता पाच एसी लावले की रात्री साडेदहाला डीपीचा फ्यूज जातो आणि सगळे मिळून बाहेर येतात.

आणि ज्यांच्या घरी हा लेख वाचून काहीच घ्यायचं नाहीये, त्यांच्यासाठी. पत्र्याखाली राहणारा माणूस एसी घेणार नाही, त्याला स्टारही नको आणि जीएसटीची सूटही नको. स्लॅब निदान चार-पाच तास घेतो. पत्रा ऊन लगेच आत पाठवतो. घरकुल योजनेतलं घर 25 चौरस मीटरचं असतं. तेवढ्या छताला पांढरा रंग द्यायला लागणारा पैसा एका स्टॅबिलायझरच्या आसपास येतो. योजनेच्या हप्त्यांत तो घालायला कुणाचा विरोध असेल असं वाटत नाही. कुणाला सुचलेलंच नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला सध्या एका घराचं सेंट्रिंग चालू आहे. मालक ओळखीचे आहेत, एसी कोणता घ्यावा म्हणून त्यांनीच मला बोलावलं. बेडरूमच्या भिंतीत एसीच्या पाइपांसाठी त्यांनी आधीच भोकं सोडून ठेवलीत, दोन, म्हणजे पुढं दुसरा लावायचा झाला तर. छतावर काय करणार म्हणून विचारलं तर म्हणाले, गज सोडणार आहे.